लिहिणे कमी झाले, वाचणे वाढले

२९ जून २०२१ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाने कोपायलट हे एआयवर (कृत्रिम बुद्धिमत्तेवर) चालणारे, कोड सुचवणारे साधन निवडक प्रोग्रामरांना वापरायला दिले, तेव्हा त्याचे काम मर्यादित होते. आपण फंक्शनचे, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचे, नाव आणि त्याच्या वर एका ओळीची टिप्पणी लिहायची, की पुढच्या चारपाच ओळी ते फिकट अक्षरांत सुचवत असे. पटल्या तर टॅब दाबायचा, नाही पटल्या तर आपले टाइप करणे चालू ठेवायचे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि वेगळ्या खिडकीत प्रश्न विचारून कोड मिळवण्याची सवय लागली. २०२५ मध्ये क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर यांसारखी साधने रोजच्या वापरात रुळली आणि कामाचे स्वरूपच पालटले. आता आपण परिच्छेदभर सूचना देतो; साधन स्वतः रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, चाळते, संबंधित फाइल्स शोधते, त्यांत बदल करते, टेस्ट (कोड अपेक्षित उत्तर देतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवते, एखादी फसली तर त्रुटीचा संदेश वाचून पुन्हा बदल करते आणि शेवटी पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल स्वीकारण्याची विनंती, तयार करून आपल्यासमोर ठेवते. मधल्या वेळात आपण दुसऱ्या कामाकडे वळलेलो असतो.

मी पुण्यात बरीच वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि ही साधने रोज वापरतो. त्यांच्याविषयीच्या चर्चेत ‘प्रोग्रामरची गरज संपणार का’ हा एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की प्रत्यक्ष काम कसे बदलले आहे याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझे निरीक्षण असे आहे की कामाचा भार लिहिण्यावरून वाचण्यावर, पडताळण्यावर आणि ठरवण्यावर सरकला आहे. वाचायला आणि ठरवायला माणूस ज्या वाटेने शिकत असे, ती वाट म्हणजे छोटे छोटे कोड स्वतः लिहिणे, चुकणे आणि दुरुस्त करणे. आणि नेमकी तीच वाट अरुंद होत चालली आहे. मला याची मनापासून काळजी वाटते.

मोघम बोलण्यापेक्षा एक उदाहरण तपशिलाने सांगतो. एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांसाठी हप्त्यांचे वेळापत्रक तयार करणारे मॉड्यूल करायचे होते. कर्जाची रक्कम, व्याजदर, मुदत आणि कर्ज दिल्याची तारीख दिली की प्रत्येक हप्त्याची देय तारीख आणि रक्कम मिळावी, एवढीच अपेक्षा होती. साधनाने थोड्याच वेळात नीटनेटका कोड दिला आणि सोबत टेस्टही लिहिल्या. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण. मात्र त्या टेस्टमधली सर्व कर्जे महिन्याच्या पाच किंवा पंधरा तारखेला दिलेली होती. ३१ जानेवारीला दिलेल्या कर्जाचे काय होईल, हे विचारून पाहिल्यावर खरी गोष्ट समोर आली. कोड जावास्क्रिप्टमध्ये होता आणि पुढच्या हप्त्यासाठी मूळ तारखेच्या महिन्यात एक, दोन, तीन अशी भर घालत होता. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ३१ फेब्रुवारी होते. ती तारीख अस्तित्वात नसल्यामुळे भाषा कोणतीही त्रुटी न दाखवता पुढे सरकते आणि ३ मार्च ही तारीख देते, लीप वर्ष असेल तर २ मार्च. दुसरा हप्ता ३१ मार्चला पडतो. म्हणजे फेब्रुवारीत एकही हप्ता नाही आणि मार्चमध्ये दोन.

हा सापळा प्रोग्रामरांमध्ये पुरेसा प्रसिद्ध आहे आणि साधनाला तो दाखवून दिल्यावर त्याने लगेच दुरुस्ती केली: महिन्यात तेवढे दिवस नसतील तर महिन्याची शेवटची तारीख धरायची. पण या वेळी त्याने पुढची तारीख मागच्या हप्त्यावरून काढली होती, त्यामुळे २८ फेब्रुवारीनंतर २८ मार्च, २८ एप्रिल असे होऊन महिनाअखेरीचा हप्ता कायमचा अठ्ठावीस तारखेवर अडकला. मूळ तारखेवरून काढले असते तर २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असे आले असते. यांपैकी कोणतीही रीत संगणकाच्या दृष्टीने चूक नाही. दोन्ही रीतींचा कोड चालतो, दोन्हींच्या टेस्ट हिरव्या करता येतात. मग बरोबर कोणती?

हा प्रश्न आम्ही पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना विचारला. ते म्हणाले, “अहो, आमच्याकडे कर्ज कोणत्याही तारखेला दिलेले असो, हप्ता दहा तारखेलाच. बहुतेक सभासदांचा पगार पहिल्या आठवड्यात होतो. पहिल्या महिन्यात मधल्या दिवसांचे व्याज वेगळे लावतो. आणि दहा तारखेला सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी भरणाऱ्याला दंडव्याज लावत नाही.” महिनाअखेरीचा सगळा खटाटोप त्यामुळे निरर्थक ठरला, आणि ज्याचा उल्लेखही कोणी केला नव्हता असे दोन नवे नियम हाती आले. हे नियम कोणत्याही रिपॉझिटरीत नव्हते, त्यामुळे साधनाला ते कळण्याचा मार्गच नव्हता. ते एका माणसाच्या अनुभवात होते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला योग्य प्रश्न सुचणे आवश्यक होते. तो प्रश्न आम्हाला सुचला, कारण आमच्यापैकी कोणीतरी पूर्वी कधीतरी तारखांच्या गणितात हात पोळून घेतलेले होते.

या उदाहरणातला टेस्टचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या साधनाने कोड लिहिला त्याच साधनाने टेस्ट लिहिल्या, की दोन्हींत एकच गैरसमज शिरतो. ३१ जानेवारीची टेस्ट जोडायला सांगितली, तेव्हा पहिल्या वेळी साधनाने अपेक्षित उत्तर म्हणून चक्क ३ मार्च हीच तारीख लिहिली होती, कारण कोड तेच उत्तर देत होता. टेस्टचा हेतू कोडकडून काय अपेक्षित आहे हे कोडच्या बाहेरून सांगण्याचा असतो. कोडकडे पाहून लिहिलेली टेस्ट फक्त एवढेच सांगते की कोड जे करतो ते करतो. म्हणून आमच्या गटात अलीकडे एक रीत पडली आहे: महत्त्वाच्या टेस्टमधल्या अपेक्षित तारखा आणि रकमा माणसाने कागदावर किंवा एक्सेलमध्ये स्वतंत्रपणे काढायच्या आणि त्या साधनाला द्यायच्या. यात वेळ जातो, पण तो वेळ वाचवण्यासारखा नाही.

दुसऱ्याचा कोड वाचणे हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड असते, हे प्रोग्रामरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. स्वतः लिहिताना प्रत्येक ओळीमागचे कारण डोक्यात असते. वाचताना ते कारण ओळींवरून उलगडावे लागते. सहकाऱ्याचा कोड वाचताना निदान काही खुणा हाताशी असत. अमुक जण घाईत आहे, तमुक जण डेटाबेसच्या बाबतीत काटेकोर आहे, ही माहिती रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, करताना उपयोगी पडे. कोडचे दिसणेही काही सांगत असे: नावे विचारपूर्वक दिलेली, त्रुटी हाताळलेल्या, टिप्पण्या नेमक्या, असा कोड दिसला की लिहिणाऱ्याने वेळ दिला आहे असे समजायला हरकत नसे. साधनांनी लिहिलेला कोड कायमच नीटनेटका असतो. ज्या ठिकाणी विचार झाला आहे तिथेही तो तसाच दिसतो आणि ज्या ठिकाणी व्यवहाराचा एक नियम पूर्ण सुटला आहे तिथेही तसाच. नीटनेटकेपणा हा काळजीचा पुरावा राहिलेला नाही, आणि अनेक वर्षे त्याच खुणेवर विसंबलेल्या डोळ्यांना ही सवय मोडणे जड जाते.

त्यात प्रमाणाचा प्रश्न आहे. पूर्वी दिवसाकाठी एखाददुसरी पुल रिक्वेस्ट तपासावी लागे, तिथे आता त्या दुपटीतिपटीने येतात आणि प्रत्येकीत फाइल्सही जास्त असतात. दुपारनंतर डोळे ओळींवरून फिरतात, पण मन त्यांवर थांबत नाही. ‘ठीक दिसते आहे’ असे लिहून मंजुरी देण्याचा मोह होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनी सांगितले होते, की कंपनीतला पावपेक्षा अधिक नवा कोड एआय तयार करते आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. चर्चा या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचीच झाली. माझ्या मते खरे काम दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि त्याला किती तास लागतात याचा हिशेब अजून फार थोड्या ठिकाणी नीट मांडला जातो.

वेग किती वाढला, याविषयीचे आपले अंदाजही विश्वासार्ह नसतात. मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनुभवी अशा १६ ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या, प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली आणि कोणत्या कामात एआय वापरायचे, कोणत्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी कमी लागेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. काम संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला. हा प्रयोग २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवर झाला होता आणि माणसे वर्षानुवर्षे ज्या कोडमध्ये वावरली त्याच कोडवर. नवख्या प्रकल्पात किंवा आजच्या साधनांवर हाच निकाल येईल असे म्हणता येणार नाही. पण वाटणे आणि असणे यांतली दरी मात्र विचार करायला लावणारी आहे. टाइप करावे लागले नाही, म्हणजे कष्ट पडले नाहीत, असे मनाला वाटते. तपासण्यात, पुन्हा सांगण्यात, वाट पाहण्यात गेलेला वेळ मनात नोंदला जात नाही. त्याच वर्षीच्या, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी ही साधने वापरतो किंवा वापरणार आहोत असे सांगितले, तर ४६ टक्के लोकांनी त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नसल्याचे नोंदवले. सर्वांत मोठी तक्रार होती ती ‘जवळजवळ बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही’ अशा उत्तरांची. ज्याने हप्त्यांचे वेळापत्रक तपासले आहे त्याला ही तक्रार लगेच समजेल.

हा बदल म्हणजे कंपायलर (प्रोग्रामचा यंत्रभाषेत अनुवाद करणारी प्रणाली) आला तेव्हासारखाच आहे, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. १९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिचा कंपायलर आणला, तेव्हाही यंत्रभाषेत लिहिणाऱ्यांना हे यंत्र आपल्याइतका चांगला कोड देणार नाही अशी शंका होती, आणि ती शंका कालांतराने मिटली. तुलना आकर्षक आहे, पण मला ती अपुरी वाटते. कंपायलरला तोच मजकूर दिला की तो प्रत्येक वेळी ठरावीक नियमांनी अनुवाद करतो. म्हणूनच त्याने तयार केलेला यंत्रकोड आज जवळजवळ कोणीही वाचत नाही आणि वाचण्याची गरजही नसते. मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेल्या सूचनेला असा एकच अर्थ नसतो. तीच सूचना पुन्हा दिली तर वेगळा कोड येऊ शकतो. त्यामुळे मधला कोड न वाचता फक्त सूचनांच्या पातळीवर काम करण्याची सोय अजून आलेली नाही. एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव देऊन जी पद्धत वर्णन केली, म्हणजे कोडकडे न पाहता फक्त साधनाशी बोलत राहणे, ती त्यांनीही शनिवार-रविवारच्या हौशी प्रकल्पांसाठी ठीक आहे असेच म्हटले होते. लोकांच्या ठेवी आणि कर्जे ज्यात आहेत त्या संगणकप्रणालीत ती चालणार नाही.

न वाचता पुढे गेल्याने काय होऊ शकते, याची उदाहरणे आता पुरेशी आहेत. ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांची, नावे सुचवतात. अशा साधनांमागच्या १६ एआय मॉडेलवर केलेल्या एका अभ्यासात व्यावसायिक मॉडेलनी सुचवलेल्या पॅकेजपैकी सरासरी ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलनी सुचवलेल्यांपैकी २१.७ टक्के नावे कल्पित आढळली. अशा नावाचे पॅकेज एखाद्या हल्लेखोराने खरोखर तयार करून ठेवले, तर डोळे झाकून इन्स्टॉल करणाऱ्याच्या संगणकात तो आपोआप शिरतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने (स्वतःहून कोड बदलणाऱ्या साधनाने), कोणताही बदल करू नकोस अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाच्या प्रकल्पाचा प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातला, डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली आणि विकासाचा डेटाबेस व प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय केली. हे वेगळेपण पाळण्याचा नियम आपल्याकडे फ्रेशरला, म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्यालाही, पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो.

कर्ल या ओपन सोर्स प्रकल्पाची गोष्ट मला या सगळ्यांत अधिक बोलकी वाटते. इंटरनेटवरून माहिती आणणारे हे छोटेसे साधन जगभरातल्या असंख्य उपकरणांत आहे आणि डॅनियल स्टेनबर्ग हे स्वीडिश प्रोग्रामर वर्षानुवर्षे त्याची देखभाल करत आहेत. सुरक्षेतली त्रुटी शोधून देणाऱ्याला बक्षीस देण्याची त्यांची योजना होती. एआयने लिहिलेले, वरवर अभ्यासपूर्ण दिसणारे पण पूर्णपणे खोटे अहवाल इतक्या संख्येने येऊ लागले, की ते वाचण्यातच देखभाल करणाऱ्यांची शक्ती संपू लागली, आणि २०२६ च्या जानेवारीअखेर ती योजना बंद करण्यात आली. याच स्टेनबर्ग यांनी २०२५ च्या शरद ऋतूत एका संशोधकाने एआय साधनांच्या मदतीने शोधलेल्या त्रुटींच्या यादीचे मोकळेपणाने कौतुक केले होते, कारण त्या त्रुटी खऱ्या होत्या. यंत्राने दिलेले उत्तर दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ते समजून घेण्याचे कष्ट पाठवणाऱ्याने घेतले की नाही, हा या दोन प्रसंगांतला फरक मला दिसतो.

या साधनांमुळे जे खरोखर सोपे झाले आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत नव्या निर्मितीपेक्षा जुन्या प्रणालींच्या देखभालीचे काम मोठे असते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा जावा किंवा कोबोल भाषेतला कोड, डेटाबेसमध्येच साठवलेल्या हजार ओळींच्या स्टोअर्ड प्रोसिजर, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला, कागदपत्रे अर्धवट; अशा ठिकाणी ‘कराचा दर कुठे कुठे वापरला आहे’ किंवा ‘ही रक्कम शून्य का येते’ हे विचारल्यावर साधन काही मिनिटांत नेमक्या जागा दाखवते. पूर्वी याच कामात आठवडे जात आणि ते कोणालाच आवडत नसे. तालुक्याच्या गावी एकट्याने दुकानांसाठी, शाळांसाठी बिलिंग किंवा फीची प्रणाली लिहिणाऱ्या प्रोग्रामरला पूर्वी विचारायला कोणी नसे. आता तो आपला प्रश्न मराठीत लिहून विचारू शकतो आणि उत्तरही मराठीत मिळवू शकतो. हे फार मोठे आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

आता फ्रेशरविषयी. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी राहिली आहे: वर थोडे अनुभवी, मध्ये गटप्रमुख आणि पायथ्याशी कॅम्पसमधून घेतलेली मुले-मुली. क्लायंटला तासांप्रमाणे बिल लावायचे, पायथ्याच्या लोकांचा पगार कमी, म्हणून नफा सुटे. आणि त्याच लोकांतून पाचसात वर्षांत पुढचे अनुभवी लोक तयार होत. आता क्लायंट विचारतो, “कोड साधन लिहिते, तर या कामाला इतके दिवस कशाला?” त्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण अंदाजपत्रकात लिहिण्याचे दिवस कमी करताना तपासण्याचे, विचारण्याचे आणि ठरवण्याचे दिवस वाढवावे लागतात, हे त्याला पटवून देणे अवघड जाते, आणि मग कात्री पायथ्याच्या माणसांवर चालते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० म्हणजे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा संबंध लगेच एआयशी जोडला गेला. कंपनीने मात्र कौशल्ये आणि उपलब्ध काम यांचा मेळ न बसणे हे कारण दिले होते, आणि ती कपात प्रामुख्याने मधल्या व वरच्या स्तरावरची होती. सगळे एकाच कारणाच्या माथी मारणे योग्य नाही. अमेरिकेतल्या वेतननोंदींवर आधारित, स्टॅनफर्डच्या संशोधकांचा ऑगस्ट २०२५ चा अभ्यास मात्र फ्रेशरविषयीच आहे: २०२२ च्या अखेरीस असलेल्या उच्चांकाच्या तुलनेत २२ ते २५ वयोगटातल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार जवळजवळ २० टक्क्यांनी घटला होता, आणि त्याच व्यवसायातल्या मोठ्या वयाच्या लोकांचा रोजगार तसा घटला नव्हता.

छोटे काम माणसाला काय शिकवते, हे आमच्या गटात नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीच्या कामातून मला पाहायला मिळाले. सभासदांना मराठीतून जाणाऱ्या एसएमएसचे बिल अपेक्षेपेक्षा दुप्पट का येते, हे तिला शोधायला सांगितले होते. साधनाला विचारले असते तर उत्तर लगेच मिळाले असते. तिने ते आधी स्वतः शोधायचे ठरवले आणि सगळी दुपार त्यात घालवली. तिला कळले की इंग्रजी मजकुराच्या एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरी आली की ७० च मावतात, आणि लांब संदेश तोडून पाठवताना प्रत्येक तुकड्यात ६७ च. त्यामुळे शंभर चिन्हांचा मराठी संदेश दोन संदेश म्हणून मोजला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि संगणक ज्याला चिन्ह म्हणतो त्या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने स्वतः मोजून पाहिले. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कागदावर चार अक्षरांचे; संगणकाच्या लेखी त्यात दहा चिन्हे, कारण हलन्त, काना, मात्रा सगळे वेगळे मोजले जाते. पुढे पावतीच्या छपाईचा साधनाने लिहिलेला कोड रिव्ह्यूला आला. त्यात रकान्याच्या रुंदीसाठी नाव आठ चिन्हांवर कापले होते. कोड स्वच्छ होता, टेस्ट हिरव्या होत्या, टेस्टमधली नावे इंग्रजीत होती. तिने लगेच विचारले, “सर, इथे ज्ञानेश्वर असेल तर पावतीवर ‘ज्ञानेश्’ छापले जाईल ना?” गटातल्या अनुभवी लोकांच्या नजरेतून ते सुटले होते.

त्या दुपारचा खर्च कोणत्याही बिलात दाखवता येत नाही, आणि म्हणूनच तो पहिल्यांदा कापला जाण्याची भीती आहे. आम्ही गटापुरते काही ठरवले आहे. नव्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत ठरावीक छोटी कामे साधनाशिवाय करायची. इतर कामांत साधन वापरायला पूर्ण मोकळीक, पण रिव्ह्यूच्या वेळी बाजूला बसून प्रत्येक बदलाचे कारण तोंडी सांगायचे. ‘साधनाने असे दिले’ हे उत्तर चालत नाही. अनुभवी माणसाने आपला रिव्ह्यू मनात न करता मोठ्याने करायचा, म्हणजे तो कुठे थांबतो, कशावर शंका घेतो, हे नव्या माणसाला दिसते. यामुळे काही कामे उशिरा होतात आणि व्यवस्थापनाला दर तिमाहीत त्याचे समर्थन द्यावे लागते. ते मी देत राहीन. आज पंचवीस वर्षांची मुले घेतली नाहीत, तर आणखी दहा वर्षांनी साधनांचा कोड तपासायला बसणारा माणूस कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर मला अजून कोणत्याही व्यवस्थापकाकडून मिळालेले नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दरवर्षी तेच प्रोग्राम लिहून घेण्याची पद्धत पूर्वीही फारशी उपयोगाची नव्हती. आता तर जर्नल साधनाकडून एका संध्याकाळी पूर्ण होते. त्याऐवजी तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर दुसऱ्याने लिहिलेला, चालणारा, दोनशे ओळींचा कोड ठेवावा. त्यात व्यवहाराची एक चूक मुद्दाम ठेवलेली असावी: शुल्काच्या सवलतीची, तारखेची, किंवा पैशांच्या पूर्णांकनाची. विद्यार्थ्याला अर्धा तास द्यावा, हवे तर साधनही वापरू द्यावे, आणि मग परीक्षकाने त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हा कोड काय करतो, तो कोणत्या परिस्थितीत चुकेल, आणि तो दुरुस्त करण्यापूर्वी कार्यालयातल्या कोणाला कोणता प्रश्न विचारशील. अशी परीक्षा घ्यायला परीक्षकाला आधी तो कोड स्वतः वाचावा लागेल, त्यामुळे एका दिवसात साठ मुलांची तोंडी परीक्षा उरकता येणार नाही. तेवढे दिवस वेळापत्रकात काढावे लागतील. ज्या महाविद्यालयांना असे कोड हवे असतील त्यांना चुकांसह तयार करून द्यायला, आणि पहिल्या वर्षी परीक्षक म्हणून बसायला, माझ्या ओळखीचे बरेच प्रोग्रामर आनंदाने येतील.